पुरण मोरीत ओतलं तो दिवस

गौरीजेवणाचा दिवस. दांडिया बाजारातल्या एका घरी मी स्वयंपाकाला. पुरण शिजवून वाटायला घेतलं होतं. घरच्या मालकीणबाई, त्यांना मी वहिनी म्हणते, दारात आल्या आणि सगळ्या पाहुण्या बायकांसमोर विचारलं, "बाहेरची झालीयस का गं तू?"

साडीला डाग लागला होता. खोटं बोलले नाही. "हो वहिनी. थांबतच नाहीये."

त्यांनी पातेल्याला हात लावला नाही. मलाच उचलायला लावलं. मोरीत ओतायला लावलं. मी उभी होते त्या फरशीवर गोमूत्र शिंपडलं. कुणीतरी म्हणालं, "या लोकांना सोवळं कसलं!" मला रडू आलं नाही. संताप आला.

कारण हे रक्त तांबीचं. आणि ती तांबी, दिवस राहू नयेत म्हणून पिशवीत बसवतात ती, बसवायला मला नेलं कुणी? याच वहिनींनी. माझी धाकटी लेक झाल्यावर, त्यांच्या गाडीतून, त्यांच्या ओळखीच्या गुजराती डॉक्टरीणबाईंकडे. "पुन्हा दिवस राहिले तर आमच्या पोळ्या कोण लाटणार?" हसत म्हणाल्या होत्या. रक्त जास्त जाऊ शकतं, कळा येऊ शकतात, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर वहिनींना. मी बाहेर बाकावर होते.

मग अंगावरून जायला लागलं ते जातच राहिलं. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "होतं सुरुवातीला. नखरे नकोत."

पुरण ओतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी दवाखान्यात गेले. तांबी काढा म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्यासमोर वहिनींना फोन लावला. "बेन, तमारी बाई आवी छे. कढाववी छे एने. शुं करुं?" तुमची बाई आलीय, काढून मागतेय, काय करू, असं.

फोनमधून वहिनींचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "रहेवा दो." राहू द्या म्हणे.

पोट माझं. रक्त माझं. आणि परवानगी त्यांची!

मी खुर्चीवरून उठले. आवाज चढला, चढू दिला. मला विचारा, शरीर माझं आहे, हे त्यांच्याच भाषेत सांगितलं. "मॅडम, मने पूछो. शरीर मारुं छे. काढी आपो."

बाहेरच्या बायका दाराशी आल्या. मी हलले नाही. डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवला, हातमोजे घातले.

सण उरकल्यावर वहिनींचा निरोप आला, "शुद्ध झालीस की ये." गेले नाही. घरात पैशांची ओढाताण आहे, कळा अजून पुरत्या गेलेल्या नाहीत.

आता माझ्या नणंदेला तांबी बसवायची आहे. बसवू दे. कुणाकुणाला ती मानवते. पण मी तिच्याबरोबर जाणार आहे. डॉक्टर तिच्याशी, तिच्या तोंडाकडे बघून, सगळं बोलत नाही तोवर तिला त्या टेबलावर चढू देणार नाही.