ताळा तीन

माघातला रविवार, सकाळ. न्हावऱ्याच्या दूध संकलन केंद्रावर हजर : केंद्राची सचिव म्हणून मी, दूध तपासणारे आप्पा, आणि शालनवहिनी, ज्यांचे दूध आठवडाभर आम्ही नाकारतो आहोत. गैरहजर : माझी सून सोनाली, सहावा महिना लागला म्हणून घरी.

कॅनच्या तोंडाशी वाफ होती, शेजारच्या फडावरून पाचट जळाल्याचा करपट-गोडसर वास येत होता, आणि त्या वासात उभ्या शालनवहिनी म्हणाल्या, "आप्पा, माझी गाय हाय का भूत? पोरं बी लांबनं जात्यात."

"ताळा बसलाय, शालन. आकडा खोटं बोलत न्हाई."

"मंग आकड्यालाच वैरण घाला!"

आठवड्यापूर्वी प्रयोगशाळेतून फोन आला होता : एका गाईच्या रक्तात तो रोग आहे, जो गाई गाभडवतो, कच्च्या दुधातून माणसात उतरतो आणि पोटुशीच्या गर्भालाही सोडत नाही. प्रयोगशाळेला गाय ठाऊक नसते. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरची बारा अंकी, निखर्वाच्या घरातली संख्या तेवढी ठाऊक असते. आप्पांनी ती उतरून घेतली आणि आमच्या रिवाजाप्रमाणे, परत वाचून दाखवण्याऐवजी, अंकांची बेरीज करून, नऊ-नऊ टाकून ताळा घेतला. इकडे तीन उरले, फोनवर तिकडेही तीन. त्या तिनाच्या भरवशावर शालनवहिनींची गाय गोठ्यामागे एकटी बांधली गेली.

आज अहवालाचा फोटो मोबाइलवर आला. शेवटी चोपन्न. आप्पांच्या अक्षरात पंचेचाळीस. अंकांनी जागा बदलल्या तरी बेरीज बदलत नाही. ताळ्याला जागा दिसतच नाही. दोन्ही संख्यांना तिनाने भाग जातो, नवाने जात नाही, मूळ संख्या एकही नाही. पण एक विषम, दुसरी सम. फोनवर तेवढेच विचारले असते तरी पुरले असते. बिल्ले एकाच दिवशी, ओळीने ठोकलेले. म्हणजे आजारी गाय नऊ कान पुढे, आमच्याच आळीत.

आप्पांनी बोटांवर पुन्हा बेरीज केली. पुन्हा तीनच आले. ते कट्ट्यावर बसले.

मी दारोदारच्या गाईंचे कान पाहत निघाले. कोवळे ऊन प्रत्येक कानातून आरपार तांबूस दिसत होते, आणि प्रत्येक चुकीच्या आकड्यागणिक मला जो सुटकेचा श्वास यायला हवा होता, तो येत नव्हता, कारण दारे संपत आली होती. स्वतःच्या गाईचा आकडा कोणाला पाठ असतो? आमच्या गोठ्यात शिरून मी कानावरचे केस बाजूला सारले. चोपन्न.

मागे सोनाली उभी होती, हातात रिकामा पेला, ओठांवर पांढरा फेस.

"आई, आजबी धारोष्णच प्याले. पोटात लई ढुशा मारतंय बघा!"

एवढी मोठी संख्या एका अंकात मावली, याचेच आम्हाला समाधान वाटले होते. मावताना काय गळून गेले, ते कोणी पाहिले नाही.

शालनवहिनींना निरोप धाडला. आमची गाय वेगळी बांधली. शिरूरच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली. कशासाठी जायचे, ते सोनालीला सांगायचे राहिले आहे.