मोळीत बांधला गेलेला आवाज

चांगुणा तिसगावात, छगनच्या पिठाच्या गिरणीलगतच्या पत्र्याच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी घेते. माझी धनश्री तिच्याकडेच जाते. दिवाळी झाली की तिचे अर्धे विद्यार्थी आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जातात आणि खोलीतली सतरंजी अर्धी मोकळी पडते. त्या मोकळ्या जागेकडे बघत ती मोबाईलवर धडा रेकॉर्ड करते आणि दूरच्या उसाच्या फडांवर पाठवते.

तिचा जन्मही अशाच एका फडावरच्या कोपीतला, पाचटाच्या झोपडीतला. ती दहावीला असताना तोडकऱ्यांची टोळी गावी परतली, तोवर परीक्षा होऊन गेली होती. पुढे तिने ती बाहेरून दिली, बी.ए. केले, पण ते हुकलेले वर्ष तिच्या मनातून गेले नाही.

यंदा तिची विद्यार्थिनी पंकजा दहावीला. तिचे आईवडील, झुंबरबाई आणि बिभीषण, नदीकाठच्या एका कारखान्याला तोडीला गेले. दोन वर्षांच्या भावाला सांभाळायला तीही गेली. चांगुणाने तिला बजावले होते, "परीक्षेआधी मी न्यायला येईन. तोवर रोज एक वाक्य पाठवायचं."

पौषात पूर्ण भूतकाळाचा धडा आला. "दोन गोष्टी घडून गेल्यात," चांगुणा मोबाईलला सांगत होती. "आधी कोणती घडली ते बघा. तिच्यात हॅड घाला आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. गो, वेंट, गॉन. म्हणून हॅड गॉन. नंतरची गोष्ट साध्या भूतकाळात राहू द्या." मागे गिरणी घुमत होती.

संध्याकाळी पंकजाचे वाक्य आले: द केन हॅड फ्लॉवर्ड बिफोर वी केम. आम्ही येण्याआधीच उसाला तुरे आले होते. पाठोपाठ झुंबरबाईचा आवाज: "म्याडम, धडा आमाला कळत न्हाई. पर तुमच्या मागं छगनची गिरनी वाजती, ती लई ग्वाड लागती. मी सारखी लावती."

मग त्या पांढऱ्या तुऱ्यांमधून वाक्ये येत राहिली. धुके उठले होते. बैल पाणी प्यायले होते. भाऊ झोपला होता. चांगुणा ती मला वाचून दाखवायची, आणि वाटायचे, कुठेतरी एक सावकाश पहाट आहे, तिथे सगळे आपण पोहोचण्याआधीच होऊन गेले आहे. मग कॅलेंडरकडे लक्ष जायचे आणि मी परीक्षेला उरलेले दिवस मोजायचे.

एक दिवस वाक्य आले नाही. आठ दिवस झाले, फोनही लागेना.

"ताई, लग्नबिग्न तर ठरवलं नसेल ना तिचं?" चांगुणाने मला विचारले. धनश्री शेजारीच बसली होती. मी तिला आत पाठवले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने चांगुणा निघाली.

फडात झुंबरबाई मोळ्या बांधत होती. चांगुणाला बघून तिला हसूच फुटले. "म्याडम, तुमचा आवाज कारखान्यात गेला! मोबाईल उसावर ठिवून ऐकत हुते. मुकादम वरडला, तशी घाईत मोळी आवळली, गाडीत टाकली. आता साखरंत आसंल."

"तरीच यंदा च्या जरा जास्तच गोड लागतोय," चांगुणा म्हणाली.

पंकजा कोपीपुढे भावाला थोपटत बसली होती. तिने वही पुढे केली. आठ दिवसांची आठ वाक्ये होती, नवव्याची जागा सोडलेली.

बिभीषण कोयत्याला धार लावत होता. चांगुणा म्हणाली, "दादा, परीक्षेला तीन आठवडे राह्यलेत. पोरीला मी नेते."

"हंगाम सुटायला महिना हाय. ल्हानग्याला कुनी बघायचं? आन ही राहनार कुठं?"

"धनश्रीच्या आईकडं. त्यांना विचारूनच आलेय."

"आन ल्हानगं?"

झुंबरबाई हातातला ऊस टाकून जवळ आली. "त्याला मी फडात झोळी बांधते. मोबाईल घालवला माझ्या हातानं. आता पोरीचं वरीस न्हाई घालवायची."

बिभीषणने कोयता खाली ठेवला आणि झोळीसाठी दोर शोधायला गाडीकडे गेला.

पंकजा आता आमच्याकडे आहे. परीक्षा सोमवारी सुरू होते. चांगुणा रोज येऊन दोघींचा अभ्यास घेते. दुपारी वाचता वाचता पंकजाचा डोळा लागतो, तेव्हा तिचा हात शेजारच्या उशीला हळूहळू थोपटत राहतो. त्या वेळी मी भांडीसुद्धा वाजू देत नाही.