कोवळ्या थंडीतला मासा

"थंडी आजून कवळी शे," असं म्हणत आबा हाताची पालथी बाजू शाळेच्या खिडकीच्या गजाला लावून बघत. हिवाळाभर हे रोज, प्रार्थनेच्या घंटेआधी. गज हवा तेवढा गार लागला नाही की मान हलवत, आणि आम्ही शिक्षक मंडळी समजून जायचो की काल संध्याकाळीही यांच्या पिशवीत काही पडलेलं नाही.

आबा आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, मी गणित. ही सत्तर सालाच्या आगेमागेची गोष्ट. देवपुरात आमची घरं एकाच गल्लीत, मधे एक भिंत. त्यांच्या घरी सकाळी स्टोव्हला किती वेळा पंप मारला ते मला ऐकू यायचं, आणि माझ्या घरची कुरकुर त्यांना. मूळचे ते तापीकाठचे. वर्गात शुद्ध मराठी बोलायचे, पण मनातलं काही सांगायचं झालं की सरळ अहिराणीवर यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक लेक जळगावला दिलेली. उरलेला जीव सगळा त्या बांबूच्या काठीत, दोरीत आणि गळात. दोरीला तरंगायला मोरपिसाचा देठ बांधलेला. तो देठ बुडाला की मासा लागला म्हणायचं. आमच्या माहितीत तो फारसा कधी बुडाला नाही.

का बुडत नाही, याचं व्याख्यान मात्र तयार असायचं. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी फळ्यावर अख्खी नदीच काढली. खडूनं डोह, खडूनं उथळ पाणी, मासे तर इतके हुबेहूब की मला भूक लागली.

"हे बघा, थंडी कडक पडली की मासा खाली डोहात उतरतो आणि एका जागी बसून राहतो. त्याच्या तोंडासमोर गळ सोडायचा, झालं काम. कोवळ्या थंडीत तसं नाही. दुपारी ऊन लागलं की तो उथळात, सांज झाली की खोलात. नदीभर हिंडतो, पत्ता म्हणून नाही. भूक अर्धीमुर्धी. त्यात पाणी नितळ, म्हणजे आपण त्याला बघायच्या आधी तोच आपल्याला बघतो."

"म्हणजे आबा, मासा मिळत नाही यात तुमचा काही दोष नाही. सगळा दोष हवामानाचा," मी म्हटलं.

"बाई, तुमले गनितमा हातचा घेता येस. नदीमा हातचा ऱ्हास नही," आबा म्हणाले, आणि तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले. फळ्यावरचे मासे बघून त्यांनी हा कितवीचा धडा म्हणून विचारलं. आबांनी न डगमगता सांगितलं, "भूगोल, साहेब."

असा हा माणूस. मासा मिळो न मिळो, तोंडावरचं हसू काही जायचं नाही. ते पहिल्यांदा गेलं, ते लेक बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा.

तिची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. हे तिसरं. पाचवा महिना सरला तरी पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. वरणभात उलटायचा, दूध उलटायचं. गालांची हाडं वर आलेली. डॉक्टरीणबाई आबांना स्पष्ट म्हणाल्या, "काहीही करा, पण हिच्या पोटात चार घास जाऊ द्या. नाहीतर हेही राहायचं नाही." मी तिथेच उभी होते. आबांनी टोपी काढून हातात घेतली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

पोरीला विचारलं, काय खावंसं वाटतं? तर म्हणाली, "नदीचा मासा. आई करायची तसा, कळण्याच्या भाकरीबरोबर." डोहाळाच तो! आणि मास्तरांच्या लेकीला लागायचा तर दुसरा कुठला लागणार? मी बाजारातून मासा आणून रांधला, तर बर्फातल्या माशाच्या वासानंच ती मोरीकडे धावली.

मग आबांनी रोजचं सुरू केलं. शाळेआधी नदी, शाळेनंतर नदी. एका रविवारी मला लेकीजवळ बसवून एसटीनं तापीवरही जाऊन आले. तिथंही तेच. थंडी कोवळी, मासा पांगलेला. यायचे, पिशवी खुंटीला अडकवायचे आणि लेकीकडे न बघता म्हणायचे, "उद्या बघू, माय." ती म्हणायची, "राहू द्या ना आबा." दोघंही एकमेकांना समजावत होती आणि पोरगी माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती. मला भिंतीपलीकडून तिचं ओकणं ऐकू यायचं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबरच गेले. म्हटलं, बघू तरी हा माणूस तिथं करतो काय. आमच्या पांझरा नदीला त्या दिवसांत पाणी ते किती! गावाच्या वरच्या अंगाला एक डोह, बाकी सगळी गोट्यांतून वाहणारी धार. आबा डोह सोडून पुढे वळणावर, घोटाभर पाण्याशी जाऊन बसले. मी म्हटलं, "अहो, इथं बेडूक तरी लागेल का?" त्यांनी गळ पाण्यात सोडला.

तेवढ्यात डोहावर माजी आल्या. गल्लीच्या तोंडाशी मारवाडी शेटजींचं कापडाचं दुकान होतं, त्यांच्या आई. जैन माणसं, सूर्य मावळल्यावर घोटभर पाणीसुद्धा न घेणारी. हातात पितळी डबा, डब्यात कणकेच्या गोळ्या. त्या काठावर बसल्या, पाण्यात हात घातला, आणि काय सांगू तुम्हाला, अख्खा डोह हलला! हातभर लांबीचे मासे एकमेकांच्या पाठीवर चढून त्यांच्या बोटांतून गोळ्या घेत होते. नदीभर पांगलेला मासा कुठे जमत होता, ते मला तेव्हा दिसलं. आणि आबांनी माजींना बघताच आपला गळ पाण्याबाहेर काढून काठी गोट्यांत आडवी ठेवली.

माझं डोकंच फिरलं. "आबा! तिकडे पोरगी उपाशी आणि तुम्ही या डबक्यात गळ घालून बसता? मासे तिथं आहेत!"

"हळू बोला, बाई." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "त्या मासा तिना शेतस. तिना आंडोर गया, तवयपास्नं ती त्याना नावनं चारस. हातनं खानारा मासा गळले लावाना नही. मना बाप सांगी गया."

माजींचा धाकटा मुलगा तापानं गेला होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या नावानं त्या मासे चारतात, एवढंच मला नवं होतं.

"मग माजींना सांगा तरी! दुसरीकडे चारतील."

"कोन्या तोंडे सांगू? तुमना मासा मनी पोरले द्या, आसं?"

त्यांना तोंड नव्हतं, मला होतं. मी त्याच दुपारी माजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. पोरीचे डोळे, डॉक्टरीणबाईंचं बोलणं, डोहाळा, सगळं. नाक खुपसलं म्हणा हवं तर. पुन्हा वेळ आली तर पुन्हा खुपसेन. माजी जपमाळ ओढत होत्या, ती थांबली. मी उठून आले.

दुसऱ्या दिवशी माजी नदीवर आल्या नाहीत. आबा काठावर वाट बघत राहिले, मग काळजीनं त्यांच्या घरी गेले. माजी दारातच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मास्टरसाब, आज से मेरी आँखें बंद हैं. आठ दिन मैं नदी पर नहीं आऊँगी. वहाँ क्या हुआ, मुझे बताना मत." आणि उठून आत गेल्या.

मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपून चालणारी ती बाई. दुसऱ्याच्या लेकीसाठी तिनं काय पदरात घेतलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. आबा येऊन माझ्या ओट्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले, लाज कसली!

दुसऱ्या दिवशी ते मागच्या बोळातून घरी आले. माजींच्या दारावरून नको, म्हणून. पिशवीत एकच मासा. माझ्या हातात देऊन म्हणाले, "काठी लागनीच नही, बाई. मना हात दखीसन वर उनात त्या. त्यासले वाटनं, माजी उनी." माजीच आल्या समजून मासे त्यांच्या हाताशी आले होते, गळाची गरजच पडली नव्हती.

मी काळा मसाला वाटला, ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याच्या भाकरी थापल्या. पोरीनं पहिला घास घेतला तेव्हा आम्ही दोघं मोरीकडे डोळे लावून बसलो होतो. दुसरा घास गेला. तिसरा गेला. तिनं अख्खी भाकरी खाल्ली, रस्सा ओरपला आणि भिंतीला टेकून झोपली. काही उलटलं नाही. संध्याकाळी उठून तिनं वरणभात मागितला. आबांनी त्या रश्शाला बोटही लावलं नाही.

ते आठ दिवस सरले तेव्हा माजी नदीवर निघाल्या. पितळी डबा आबांच्या हातात होता. काठी त्यांनी कुणाला देऊन टाकली, विचारलं तरी सांगितलं नाही. पोरीला दिवस भरून मुलगी झाली, आणि बारशाला माजींनी रेशमी झबलं आणलं. पुढे माजींचे गुडघे धरले, त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या घरची कणीक घेऊन आबा एकटेच डोहावर जायचे. मी चिडवायची, "काय आबा, आज थंडी कशी?" ते नुसते हसायचे.

काही वर्षांनी, अशाच एका हिवाळ्यात, आबा झोपेतच गेले. दहाव्याला बायकांनी जायचं नसतं म्हणे. मी गेले. लेकही आली. डोहाच्या काठावर पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. आबांचा पुतण्या हात जोडून म्हणाला, घराकडे लक्ष ठेवू. जावई म्हणाला, नातीला भरपूर शिकवू. कावळे लिंबाच्या झाडावर बसून नुसते बघत होते. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले.

तेव्हा लेक उठली. "आबांची आणि कावळ्यांची कधी ओळखच नव्हती," असं म्हणून तिनं पिंड उचलला. भटजी अहो, अहो करत राहिले. ती पाण्याशी गेली, खाली बसली आणि भात घेतलेला हात डोहात बुडवला. पाणी हललं. तळहातावरचा भात बघता बघता संपला, तरी तिनं हात बाहेर काढला नाही.