वरचा दात आधी

माझी आई उदुम्मा आयुष्यात एकदाच जगाशी खोटं वागली, आणि ते माझ्यापायी. तेव्हा मी सात महिन्यांची होते. दूध पिताना चावले. तिनं दचकून माझं तोंड उघडलं, तर दात वरच्या हिरडीत. खाली काहीच नाही.

आम्हा इग्बो लोकांत वरचा दात आधी येणं म्हणजे धरणीमातेला विटाळ. असलं मूल रानात नेऊन टाकत. गोऱ्या साहेबानं बंदी घातली होती, ठाऊक आहे मला. पण कायदा कचेरीत बसतो आणि मूल घरात असतं.

आईनं कुणाला सांगितलं नाही. माझ्या बापालाही नाही. माणूस भला, पण ताडीचा दुसरा तुंबा रिकामा झाला की त्याला सगळं गाव सख्खं वाटे.

त्या दिवसापासून तिनं मला हसू दिलं नाही. कुणी अंगणात पाऊल टाकलं की मला छातीशी धरायची. शेजारची पोरं मला वेडावून दाखवू लागली की त्यांच्यावर खेकसायची. दुपारी दार लोटून ताडाच्या बियेनं माझी खालची हिरडी घासायची, रक्त येईपर्यंत, म्हणजे दात लवकर फुटेल. मी किंचाळले की तोंडावर तिचा तळवा.

अकराव्या दिवशी माहेरवाशिणी आल्या. घराण्याच्या या लग्न होऊन गेलेल्या लेकी एकत्र आल्या की आमच्याकडे पुरुषही आवाज खाली करतात. त्यांचा निवाडा कुणी मोडत नाही. त्यांची पुढारी माझी थोरली आत्या, एकेम्मा.

"आण इकडे पोरीला. सात महिन्यांची घोडी, अजून बोळकंच?"

"झोपेला आलीय, वन्सं."

"झोपेला आलीय आणि माझ्याकडे बघून पाय झाडतेय? दे!"

नऊ बायका. आत्यानं मला मांडीवर घेतलं आणि बोट तोंडात घातलं. मी कचकन चावले. आत्याचा चेहरा थिजला. आईची नजर दाराकडे गेली. पळावं तर मूल आत्याच्या हातात.

"काय गं एकेम्मा?" एकीनं मान पुढे काढली. "आला का? खाली की वर?"

आत्यानं बोट काढलं नाही.

"खाली. दुसरं कुठे? तुझ्या लेकीचे काय टाळूतून उगवले होते?"

बायका खदखदून हसल्या. त्या गोंधळात आत्यानं मला आईच्या कुशीत कोंबलं आणि तिच्या कानाशी पुटपुटली, "आठ दिवसांनी येते. तोवर हिला कुणाला दाखवू नकोस."

आठ दिवस आई धड जेवली नाही. ही बाई एकटी येईल की गाव घेऊन येईल? सहाव्या दिवशी खालची हिरडी फुटली. दोन शुभ्र टोकं. तरी आईनं मला कुणाला दाखवलं नाही.

आठव्या दिवशी आत्या आली. एकटीच.

"बघा ना, वन्सं, खालचे आलेत."

"मी बघितलेत की. नऊजणींदेखत." एवढं बोलून पाणीसुद्धा न घेता गेली.

पुन्हा तिनं तो विषय कधी काढला नाही. पण आई तिला पस्तीस वर्षं भ्यायली. पहिल्या काढणीतले सगळ्यात मोठं कोनफळ तिला, सणाचं मटण तिला, तिच्या शब्दापुढे शब्द नाही. पाऊस लांबला, शेजारी कुणी दगावलं, की आई आधी माझ्याकडे बघायची आणि मग आत्याच्या घराच्या वाटेकडे.

आत्या गेली. तिला मूठमाती दिल्यावर चार दिवसांनी आईनं मला हे सगळं सांगितलं. मी तेव्हा शाळा तपासणारी अधिकारी, दोन मुलांची आई. माझा संताप झाला.

"त्या बाईनं मला वाचवलं, आणि तू तिचे आभार मानायचे सोडून जन्मभर घाबरत बसलीस?" मी ओरडले.

आईनं उठून दार लावलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "त्या नऊतल्या दोघी अजून जिवंत आहेत."