चावी कुणाच्या खिशात

ठाकूरद्वारच्या घरात साधा दिवा बदलायचा असला, तरी ट्रेव्हर आधी फ्यूज काढून खिशात टाकायचा आणि मगच स्टुलावर चढायचा. त्याची आई जर्ट्रूड वैतागायची. "अरे, घरात आपलीच माणसं. मी काय तुला शॉक देणार?" तो हसायचा, पण फ्यूज खिशातच राहायचा. त्याची मुलगी कॅरिसा हे बघतच मोठी झाली.

सवय सैन्यातली. सुरुंग निकामी करणाऱ्या तुकडीत तो कॅप्टन होता. तिथला दंडक असा, की जो माणूस सुरुंगाच्या दारूजवळ जाईल, स्फोट घडवणाऱ्या पेटीची चावी त्याच्याच खिशात; चावीशिवाय पेटीचं बटण चालत नसे. सातारचा हवालदार कुशाबा एकदा घाईत चावी मागे ठेवून पुढे गेला. पेटीपाशी बसलेल्याला वाटलं, सगळे परतले; त्यानं बटण दाबलं. नंतर कुशाबाची टोपी तेवढी सापडली.

ट्रेव्हरनं सैन्य सोडलं आणि लिहू लागला. लिहिलेलं कुणी घेईना, म्हणून स्वतःच निर्माता झाला. पहिला सिनेमा गिरगावातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये चादरीवर दाखवला, चौथा परदेशातल्या महोत्सवांत फिरून आला. सगळ्यांत फौजी होते, स्फोट एकातही नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचा, "परवडत नाही." ते खोटं नव्हतं. पण कारण ते नव्हतं.

पाचवा सिनेमा कुशाबाचा. पडद्यावर तो कोळी झाला होता आणि शेवटी त्याची होडी उडायची होती. वरळी कोळीवाड्याच्या तुळशीदासनं आपली मोडीत निघालेली होडी दिली. एकच होडी, म्हणून एकच टेक. तोही सूर्य पाण्याला टेकताना.

ट्रेव्हरनं स्वतः पेटीला चावी लावली; कॅरिसा शेजारीच उभी होती. स्फोटांचं काम बघणाऱ्या प्रफुल्लनं बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"वायर निसटली असणार. बघून येतो," प्रफुल्ल उठला.

"बस खाली! बार चुकला की अर्धा तास कुणी हलायचं नाही."

"सर, सूर्य काय तुमच्या फौजेत आहे, थांबायला?"

वाळूवर बसलेला तुळशीदास खो खो हसला. "माझी होडी दर्यात बुडली नाय, ती तुमच्या बारानं काय उडतेय!"

ट्रेव्हरनं पाण्याकडे पाहिलं. लाली उतरत होती. उद्या भरतीची वेळ बदलणार, भाड्याचा कॅमेराही परत जाणार होता. सिनेमा अर्धाच राहणार. "मीच जातो," तो म्हणाला आणि चालू लागला.

होडीपाशी तो गुडघ्यांवर बसला. वायरचं एक टोक खरंच निसटलं होतं. ते चिमटीत धरून त्यानं सवयीनं दुसरा हात खिशात घातला. जपमाळ होती, रुमाल होता. चावी नव्हती.

ती पेटीतच होती आणि पेटीपाशी प्रफुल्ल. त्यानं एकदा जरी बटण तपासलं, तर? ओरडावं, तर सेटवर त्याची हाक म्हणजेच बटण दाबायचा इशारा. इतक्या वाऱ्यात शब्द कुणाला कळणार? चिमटीतलं टोक जोडायचं नाही, टाकायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. कुशाबानंही असंच धरलं असेल का?

त्यानं हळूच मान वळवली. कॅरिसा पेटीपासून लांब, एकटीच पाण्याच्या कडेला उभी होती. एक मूठ डोक्याच्या वर, घट्ट मिटलेली.

त्यानं ते टोक रुमालात गुंडाळून वाळूवर अलगद ठेवलं आणि गुडघ्यांवरच मागे सरकू लागला.

तो जवळ पोचल्यावर तिनं मूठ उघडली. तळव्यात चावीचा वळ उमटला होता. "तू निघालास तेव्हाच काढली, डॅडी. तू सूर्याकडे बघत होतास."

"सर, उजेड आहे अजून. जोडू का?" प्रफुल्लनं विचारलं.

ट्रेव्हरनं चावी घ्यायला हात पुढे केला. बोटं मिटेनात.

"नाही," तो म्हणाला. "होडी राहू दे."

अंधार पडला. तुळशीदास होडीवर ताडपत्री ओढू लागला. ठाकूरद्वारला पोचेपर्यंत ट्रेव्हर टॅक्सीत पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला, "चावी आहे ना गं?"

"आहे," कॅरिसा म्हणायची आणि दरवेळी मूठ उघडून दाखवायची.