डोंगरावरच्या मुलीच्या नव्या चपला

तमाम मराठी जनांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, दुबईत, अल कुसैसमधल्या एका फ्लॅटमध्ये, भर शुक्रवारी, आमरसपुरीच्या जेवणानंतर मला बोलू देण्यात आलं.

निमित्त होतं शेजाऱ्यांच्या मुलीच्या निरोपाचं. तिची दहावी झाली होती. आता अकरावीला पुणे, होस्टेल. आखातातल्या आमच्या मराठी घरांत तेव्हा असंच चालायचं. तिच्या आईवडिलांचं मन धजत नव्हतं, म्हणून त्यांनी मला विचारलं होतं. मला मूल नाही, सल्ले मात्र भरपूर. मी ठोकून दिलं होतं, "अहो, त्या कॉलेजात निवड होणं हा केवढा मान आहे. पाठवा तिला. खलास."

हॉलच्या मधोमध नवी बॅग उघडी पडली होती. आई एकेक वस्तू रचत होती: नवे ड्रेस, शारजाच्या रोल्ला बाजारातून आणलेल्या नव्या चपला, चिवड्याचा डबा. मुलगी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली. समोर बारा माणसं, सगळी तुडुंब जेवलेली. असा प्रेक्षक मी सोडते थोडीच?

आदल्या आठवड्यात टीव्हीवर पाहिलेलं मी रंगवायला घेतलं. दक्षिण अमेरिकेतलं बर्फाळ शिखर, आणि शेकडो वर्षांपूर्वी इंका लोकांनी तिथे नेऊन देवाला बळी दिलेली मुलं. खांद्यावर टॉवेल टाकून मी पुजारी झाले. मग संशोधक होऊन आमरसाच्या डावाने बर्फ उकरला.

"आणि काय सापडलं? पंधराएक वर्षांची मुलगी. मांडी घातलेली, डोकं जरासं झुकलेलं, जशी काही आत्ताच डुलकी लागली. अंगावर ओरखडा नाही. बारीक बारीक वेण्या, उंची वस्त्रं. शेजारी चपला, खाण्याच्या पुरचुंड्या. अगदी नीट तयारी करून पाठवलेली."

अशा जागी मी नेहमी थांबते, लोकांनी 'बापरे' म्हणावं म्हणून. कुणी म्हटलं नाही.

"वॉज शी स्केअर्ड, काकू?" मुलीने विचारलं.

तेव्हाही सावरता आलं असतं. पण टॉवेल अजून खांद्यावर होता. "छे गं," मी हात उंचावून म्हटलं, "तिची निवड झाली होती. केवढा मान."

शब्द तोंडातून गेले आणि मला ते ओळखू आले. मुलीलाही आले असावेत. तिने वडिलांकडे पाहिलं. ते टीव्हीच्या रिमोटची बॅटरी काढून पुन्हा बसवत होते. मी टॉवेल उतरवला आणि त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. इतक्या वर्षांनी, कपाटात घड्या लावताना अजून कान तापतात.

तिची आई चिवड्याचा डबा हातात घेऊन तशीच उभी होती. कुणी काही विचारलं नव्हतं. तरी ती एकदम म्हणाली, "पण आम्ही हिला दिवाळीत परत आणणार आहोत."