पाठमोऱ्या बायका काढणारी राखी

आमची राखी परदेशातल्या कॉमिक्सची मुखपृष्ठं काढते. आतली गोष्ट दुसरेच कोणी काढतात. तिच्याकडे फक्त वरची बाई असते. कधी अंतराळातली, कधी जहाज लुटणारी, कधी नुसतीच ओले केस झटकणारी. कमरेत मुरडलेली, खांद्यावरून मागं बघणारी. असल्या चित्रांना पिन-अप म्हणतात, कारण पूर्वी लोक ती भिंतीला टाचून ठेवत. माझ्या माहेरच्या गावाच्या, किन्हीराजाच्या नावावरून ती ‘किन्ही’ अशी सही करते. तिकडचे चाहते तिला जपानी पुरुष समजतात, आणि तीही त्यांची समजूत मोडत नाही.

हे सगळं शिरपुरात, आमच्या गव्हाच्या कोठीशेजारच्या खोलीत चालतं. लोकांना मी ‘कॉम्प्युटरचं काम’ एवढंच सांगत आले. मी स्वतः बी.ए. झालेली. चित्रातली बाई उघडी नसते हे मला दिसतं. तरी ती बघायच्या आधी मी दार लोटून घेते. एकदा न राहवून विचारलं, “काहून काढतं व असं?” ती म्हणाली, “आई, यात वाईट काय ते बोट ठेवून दाखव. मी खोडते.” मी खूप वेळ बघत बसले. शेवटी एके ठिकाणी बोट ठेवलं; तिथं नुसतं कोपर होतं.

यंदा रिठदचं स्थळ आलं. मुलगा प्रज्वल वाशिमला नोकरीला, राखीलाही पसंत. तिची एकच अट होती: आपण काय काढतो ते आधी सांगायचं. प्रज्वलला तिनं सांगितलं. त्याच्या आईला, प्रयागबाईंना, मी सांगायचं होतं. मी हो म्हटलं, आणि सुपारी फुटेपर्यंत गप्प राहायचं मनाशी ठरवलं.

सुपारीत विहिणीला साडी द्यायची, तर ब्लाउजही शिवूनच द्यावा, म्हणून प्रयागबाईंना मापासाठी स्टँडजवळच्या शीला टेलरकडे नेलं. आत पाऊल टाकलं, तर भिंतीवर राखीच्याच बायका टाचलेल्या, सगळ्या पाठमोऱ्या. हात वर केला की कापड कुठं ओढलं जातं, हे विचारायला राखी शीलाकडे जायची ते मला ठाऊक होतं. बदल्यात चित्रं देऊन आली होती, ते नव्हतं. गावातल्या बायकांनी तो पाठीच्या गळ्यांचा कॅटलॉगच समजला होता. शीलानं खाली नंबरही घातले होते.

एक बाई सांगत होती, “मले चार नंबर शिव. पण माही पाठ खळ्यावानी हाय, दोऱ्या लांब ठेवजो.”

“तुले दोऱ्या नाही, कासरा लागन,” शीला म्हणाली.

मी भिंत आणि प्रयागबाई यांच्या मधे उभी राहिले. शीला म्हणाली, “ताई, सरका ना. तुमच्याच राखीनं काढले, अन् तुमीच झाकून राह्यल्या.”

प्रयागबाईंनी चष्मा लावला. एकेक चित्र सावकाश बघितलं. मग सहा नंबरवर बोट ठेवलं. “हा गळा जमन मले?” शीलानं माप घेतलं. माझा जीव भांड्यात पडला.

बसची वाट बघताना त्या म्हणाल्या, “पोरीचा हात चांगला हाय. पण आमच्या घरी आल्यावर हे काढणं बंद. तिले तसं सांगून ठेवा.”

गळा हवा आणि काढणारा हात नको, हे कसं, असं विचारायला हवं होतं. मी “बरं” म्हणाले, आणि बस सुटल्यावर हातही हलवला.

घरी येऊन राखीला सांगितलं. “मंग लग्न नाही,” म्हणाली आणि कामाला लागली. रडली असती तर काय करायचं ते मला कळलं असतं. तिच्या बाबांचं म्हणणं, लग्न झालं की पोरी आपोआप सोडतात, तू मधे बोलून बिघडवू नको. मलाही तेच वाटत होतं. मी तिला समजावते, एवढं सांगायलाच प्रयागबाईंना फोन लावला. तोंडातून निघालं ते असं: “राखी काढणं सोडणार नाही, प्रयागबाई. तुमच्या घरी चालत असंल तरच पुढं बोलू.”

“घरात इचारून सांगू,” म्हणाल्या. त्यानंतर रिठदहून फोन नाही. प्रज्वल राखीशी बोलतो. आईपुढे काय बोलतो, कोण जाणे. चांगलं स्थळ मी माझ्याच तोंडानं घालवलं का, की पोरीला वाचवलं, मला समजत नाही.

राखीनं विचारलं, “आई, तू असं काहून बोलली?” मी शेजारच्या कोठीतले गहू पाखडायला घेतले. ती चित्रं मला अजूनही आवडत नाहीत.